माथा समोर दिसला की मला थांबता येत नाही

पत्र (थोडं कापून देतेय):

"ताई, मी ३१ वर्षांचा, नाशिकला आयटीत आहे. गेली काही वर्षं आमच्या ग्रुपबरोबर सुळके करतोय, उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्सपण केलाय, बऱ्याचदा लीड, म्हणजे सगळ्यात पुढे चढणं, मीच करतो. डिसेंबरात वानरलिंगी सुळक्याला गेलो होतो. एक वाजता माथा असं ठरलं होतं पण खालच्याच टप्प्यात वेळ गेला आणि वर पोचलो साडेचारला. दोन वाजताच मला कळलं होतं की आता उशीर होणार, पण माथा समोर दिसत होता आणि एवढं करून परत फिरायचं म्हणजे… नाहीच जमलं. उतरताना अंधार पडला. शेवटच्या रॅपलला (दोरावरून उतरताना) मी पहिला निघालो, घाईत दोराच्या टोकांना गाठी मारल्या नाहीत, दोर मधोमध आहे की नाही तेही बघितलं नाही. हेडटॉर्च खाली मारला तर एक टोक माझ्या पायापासून हातभर अंतरावर लोंबत होतं आणि जमीन अजून बरीच खाली. शेजारी कातळात ठोकलेला एक जुना बोल्ट होता म्हणून त्याला स्लिंग (पट्ट्याचा फास) लावून थांबलो, वरच्यांना ओरडून दोर नीट करून घेतला. त्यांना सांगितलं की दोर अडकला होता. खरं काय झालं ते आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही.

मला सगळं येतं, नवीन पोरांना गाठी मीच शिकवतो, मग ऐन वेळी माझं असं का होतं? भाऊ म्हणतो तुला किक लागते. मला तसं वाटत नाही, आठवडाभर ऑफिसात दुसऱ्याच्या तालावर नाचतो, कातळावर असलो की वाटतं आता सगळं माझ्या हातात आहे. पुढच्या महिन्यात वजीर ठरलाय, माझी सुळक्यांची लिस्ट आहे त्यातला तो मोठा. मी जरा का-कू केलं तर ग्रुपवर लगेच 'फाटली का' सुरू. नवीन बिले डिव्हाइस (चढणाऱ्याचा दोर धरायचं साधन) आणि चांगलं घड्याळ घ्यायचा विचार आहे, त्याने फरक पडेल का? आणि घरी आईला यातलं काही सांगू का?"

---

मित्रा,

पत्र दोनदा वाचलं. हातभर अंतर लिहिलंयस ना, ते अंतर संपलं असतं तर काय झालं असतं ते तुला माहितीये, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. दुहेरी दोरावर उतरताना दोर मधोमध नसेल तर आखूड बाजूचं टोक डिसेंडरमधून, म्हणजे उतरताना दोर ज्यातून सरकतो त्या साधनातून, निसटतं, आणि मग वरच्या कडीतून सगळा दोर सरसर ओढला जातो, धरायला काहीच उरत नाही. टोकाला गाठ असली की ती डिसेंडरला येऊन अडते आणि माणूस लटकून राहतो, वाचतो. दोन मिनिटांचं काम आहे. आणि हे नवख्यांनाच होतं असंही नाही. ब्रॅड गोब्राइट हा अमेरिकन क्लायंबर, २०१७ मध्ये एल कॅपिटान या प्रचंड कड्याच्या नोज रूटवर त्याने जोडीदाराबरोबर वेगाचा विक्रम केला होता, म्हणजे दोराशी रोजचा संबंध असलेला माणूस. नोव्हेंबर २०१९ मध्ये मेक्सिकोतल्या एल पोत्रेरो चिकोला तो आणि त्याचा साथीदार एकाच दोराच्या दोन बाजूंनी एकदम रॅपल करत होते, टोकांना गाठी नव्हत्या, त्याच्या बाजूचं टोक कमी पडलं आणि तो गेला. साथीदार खालच्या कपारीवर पडला म्हणून वाचला. गोब्राइटला गाठ मारता येत नव्हती असं कोण म्हणेल?

म्हणून तुझ्या "मला सगळं येतं मग असं का" या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर हेच की येण्या-न येण्याशी याचा संबंध फार कमी आहे. तू अजून एक कोर्स केलास, अॅडव्हान्सपण केलास, तरी संध्याकाळी साडेचारला माथ्यावर जो तू होतास ना, दमलेला, तहानलेला, उशीर झालाय म्हणून मनातून धास्तावलेला आणि सगळ्यांच्या नजरा ज्याच्यावर आहेत असा, तो तसाच राहणार. त्या वेळी त्या माणसाकडून शहाणा निर्णय निघेल ही अपेक्षाच आधी सोडून दे. तुला जे काही ठरवायचंय ते खाली, पोटात चहा-पोहे असताना ठरवायचं, आणि वर गेल्यावर ते बदलायचा अधिकार एकट्या तुझ्याकडे ठेवायचा नाही. मला सांगायचंय ते एवढंच, पण ते पटायला थोडं खोलात जावं लागेल.

माथा समोर दिसल्यावर काय होतं बघ. १९९६ चा एव्हरेस्टचा सीझन बऱ्याच जणांना माहितीये, १० मेला उशिरापर्यंत लोक वर चढत राहिले आणि वादळात सापडले, आठ जण गेले. त्यात रॉब हॉल हा न्यूझीलंडचा अतिशय मुरलेला गाईड होता, आणि डग हॅन्सन हा त्याचा क्लायंट. आदल्या वर्षी, १९९५ ला, हॉलनेच हॅन्सनला माथ्याच्या थोडंसं खालून परत फिरवलं होतं. म्हणजे परत फिरवायचं कसं आणि का हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ९६ ला दुपारी परत फिरायची वेळ ठरलेली असूनही हॅन्सन चारच्या सुमाराला माथ्यावर पोचला, हॉल त्याच्यासाठी थांबलेला होता, आणि दोघंही खाली आले नाहीत. मी याबद्दल जेवढं वाचलंय त्यावरून मला असं वाटतं की आदल्या वर्षीचं ते परत फिरणंच या वर्षी जड झालं होतं. एकदा परत पाठवलंय, माणसाने पुन्हा पैसे जमवलेत, पुन्हा आलाय, आता परत कसं पाठवायचं? मागे जे घातलंय त्याचं ओझं पुढच्या निर्णयावर येतं, आणि जितकं जास्त घातलंय तितकं माणूस जास्त ओढला जातो. तू लिहिलंस ना, "एवढं करून परत फिरायचं म्हणजे", तेच हे. वानरलिंगीवर ऑक्सिजन कमी नसतो, डोकं चालायला हवं होतं, तरी चाललं नाही. म्हणजे उंचीपेक्षा या ओढीचाच भाग मोठा.

त्याच सीझनला त्याच डोंगरावर योरान क्रॉप नावाचा स्वीडिश माणूस होता. हा गडी सगळं सामान घेऊन स्वीडनहून सायकलवर नेपाळला आला होता, ऑक्सिजनच्या बाटल्या नकोत, शेर्पांची मदत नको असं ठरवून. याच्याइतकं कोणी काय घातलं असेल! ३ मेला तो माथ्याच्या साधारण शंभर मीटर खाली पोचला, उशीर झाला होता, पुढे गेलो तर अंधारात उतरावं लागेल हे त्याने ओळखलं, आणि तो फिरला. मग २३ मेला पुन्हा गेला आणि माथा गाठून सुखरूप खाली आला. मला या माणसाचं कौतुक वाटतं ते सायकलीसाठी नाही, त्या शंभर मीटरसाठी. त्याला मोह झाला नसेल असं नाही, पण घड्याळाला त्याने माथ्याच्या मोहापेक्षा मोठं मानलं.

आता तू म्हणशील की ते एव्हरेस्टवाले, आमचं सह्याद्रीतलं वेगळं. तर मला आपल्याकडची जास्त भीती वाटते, कारण आपल्याकडे सगळं ओळखीचं असतं. इयन मॅकॅमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने हिमस्खलनाच्या ७१५ अपघातांची माहिती तपासली होती, १९७२ ते २००३ मधल्या. त्यात दिसलं असं की ओळखीच्या उतारावर गेल्यावर शिकलेसवरलेले लोकही धोका जास्त पत्करत होते, शिक्षणाचा फायदा तिथे जवळजवळ पुसला जात होता. बर्फ आपल्याकडे नाही, पण त्याने जे सापळे सांगितले ते वाचताना मला आपलेच ग्रुप डोळ्यासमोर आले. "इथे दहा वेळा आलोय." "दादा लीड करतोय म्हणजे बरोबरच असणार." "ठरवलंय ना आता, बदलायचं कशाला." "या सीझनचा शेवटचा रविवार आहे, मग ऊन वाढेल, मग पाऊस." आणि समोरच्या ग्रुपने केलं मग आपण का नाही. यातलं दादावालं वाक्य नीट वाच, कारण तुमच्या ग्रुपात तो दादा तू आहेस. दोन वाजता उशीर झालाय हे तुला कळलं होतं तर तुझ्या बिलेयरलाही, म्हणजे तुझा दोर धरणाऱ्यालाही, कळलं असणार, घड्याळ त्याच्याही हातात होतं. तो बोलला नाही कारण तू चढत होतास, आणि तू थांबला नाहीस कारण कोणी बोललं नाही. बहुतेक टीममध्ये असंच होतं, सगळ्यांना शंका असते आणि प्रत्येकजण दुसऱ्याची शांतता म्हणजे होकार समजतो.

डोंगर हा या बाबतीत फार वाईट मास्तर आहे, चुकीचं उत्तर लिहिलं तरी बहुतेक वेळा पूर्ण मार्क देतो. गाठ न मारता शंभर वेळा उतरलं तरी नव्याण्णव वेळा काही होत नाही, आणि मग मनात बसतं की आपली पद्धत बरोबर आहे. म्हणून तू "दोर अडकला होता" म्हणालास ते मला गाठ विसरण्यापेक्षा जास्त टोचलं. रागावत नाहीये, त्या क्षणी पाय थरथरत असताना माणूस पटकन जे सुचेल ते बोलतो. पण त्या दिवशी तुमच्या पाच जणांना जे शिकायला मिळालं असतं ते फक्त तुझ्याकडे राहिलं, आणि बाकीच्यांच्या डोक्यात वानरलिंगी "मस्त झाली, थोडा उशीर झाला" अशी बसली. ते वजीरवरपण तसेच येणार. तेव्हा वजीरच्या आधी, व्हॉट्सअॅपवर नाही, समोर बसून, त्यांना सगळं सांग. फार नाट्य करायची गरज नाही, काय झालं, किती वाजता झालं, कुठली गोष्ट केली नाही, एवढंच. तू सांगितलंस की मग दुसरा कोणीतरी सांगेल की माझंपण मागे असं झालं होतं, हे मी पैज लावून सांगते.

भावाच्या किकबद्दल. तुझं म्हणणं जास्त बरोबर आहे आणि त्याला अभ्यासाचा आधारपण आहे. टिम वुडमन आणि त्यांच्या ब्रिटनमधल्या सहकाऱ्यांनी गिर्यारोहक आणि स्कायडायव्हर यांची तुलना केली तेव्हा दिसलं की थराराची ओढ स्कायडायव्हरांना जास्त लागू पडते, गिर्यारोहकांना ओढ असते ती आपल्या हातात काहीतरी आहे हे अनुभवायची, भीती वाटतेय आणि तरी मी ती सांभाळतोय, पुढची पकड मी ठरवतोय, याची. एरवीच्या आयुष्यात ती भावना कमी मिळत असेल तर कातळ अजून गोड लागतो. यात वाईट काहीच नाही, मला स्वतःला हे कारण फार सुंदर वाटतं. पण त्याची एक दुसरी बाजू आहे ती लक्षात ठेव. ज्याला "सगळं माझ्या हातात" हे हवंय त्याला परत फिरणं म्हणजे हातातून सुटल्यासारखं वाटतं, ऑफिसात बॉसने सांगितलं म्हणून गप्प बसावं तसं. तिथे थोडं उलट बघायची सवय लावावी लागेल. साडेचारला वर होतास तेव्हा तुझ्या हातात काय होतं खरंतर? उजेड फार उरला नव्हता, वेळ नव्हता, दोराची लांबीसुद्धा माहिती नव्हती. दोन वाजता मात्र सगळं होतं, फिरायचं की नाही हेसुद्धा.

आणि ती लिस्ट. मी लिस्टच्या विरोधात नाही, लिस्टमुळे आपल्याकडची पोरं कुठल्या कुठल्या आडबाजूच्या सुळक्यांपर्यंत पोचली, गावातल्या लोकांशी ओळखी झाल्या, जुने रूट पुन्हा उघडले. पण लिस्टमध्ये दोनच खाने असतात, झालं आणि नाही झालं. तीन तास उत्तम चढाई केली, टीम छान चालली, वारा वाढला म्हणून फिरलो, याला तिथे जागाच नाही, ते शून्य. मग माणूस शून्य टाळायला बघतो. एड व्हिस्टर्स यांचीपण लिस्टच होती, आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं बाटलीतल्या ऑक्सिजनशिवाय. १९९३ ला शिशापांग्माच्या मधल्या शिखरावर ते उभे होते, खरा माथा समोर धारेवरून शंभरेक मीटर, बर्फ भरवशाचा वाटेना म्हणून तिथूनच परतले. तो माथा झाला २००१ ला. आणि चौदावं शिखर, अन्नपूर्णा, २००५ ला. आठ वर्षं ती एक चौकट रिकामी ठेवून हा माणूस बाकीचे डोंगर करत राहिला, याची कल्पना कर. तुझ्या वहीत तिसरा खाना काढ, "फिरलो, कारण अमुक", तारीख-वेळेसकट, आणि ग्रुपवर फोटो टाकतोस ना, त्याचापण टाक. बघणाऱ्यांना कळू दे की तुमच्या ग्रुपात फिरणं हीपण सांगायची गोष्ट आहे, हळूहळू ते "फाटली का" आपोआप कमी होतं. कमी होत नसेल आणि तोच माणूस वर तुझा बिले धरणार असेल, तर तो तुझा बिलेयर नको.

वजीरला तू जा, पण या वेळी लीड करू नकोस. शिक्षा म्हणून सांगत नाहीये. लीड करणाऱ्याचं लक्ष पुढच्या पकडीत असतं, असायलाच हवं, त्याच्याकडे घड्याळ देणं चूक आहे. तू सेकंड, म्हणजे लीडरच्या मागून, जा आणि घड्याळ तुझ्याकडे घे. फिरायची वेळ ठरवताना माथ्यापासून नको, अंधारापासून उलटी मोजा: जानेवारीत सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो, सगळ्यांनी रॅपल करून पायथ्याला यायला किती वेळ लागतो तो मागच्या अनुभवावरून काढा, त्यात एकदा दोर खरोखर अडकेल असं धरून अर्धा-पाऊण तास घाला, आणि उरेल ती वेळ खाली उभं राहून सगळ्यांनी मोठ्याने बोला. त्या वेळेला लीडर माथ्यापासून वीस फुटांवर असला तरी फिरायचं. आणि टीममधल्या कोणाही एकाने, अगदी पहिल्यांदा आलेल्या पोरीनेसुद्धा, "मला बरोबर वाटत नाहीये" म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं ते खाली आल्यावर. हे आधी ठरलेलं नसेल तर वर कोणी बोलत नाही.

गाठींचं तपासणं नवीन माणसाला दे. तुझी गाठ, तुझं हार्नेसचं बकल, तुझा डिसेंडर, तो हात लावून बघणार आणि तोंडाने म्हणणार, मगच तू सेल्फ अँकर (स्वतःला कातळाशी बांधलेला दोर) काढणार. लिन हिल म्हणजे जगातल्या सर्वात मोठ्या क्लायंबर्सपैकी एक, १९८९ ला फ्रान्समध्ये ब्यूक्स इथे तिने दोर हार्नेसमधून ओवला, मध्येच शूज घालायला गेली, गप्पा झाल्या आणि गाठ पूर्ण करायची राहिली. वर पोचून दोरावर भार टाकला आणि वीसेक मीटर खाली आली, मध्ये झाड होतं म्हणून वाचली. चारच वर्षांनी तिने एल कॅपिटानचा नोज फ्री केला, म्हणजे साधनांवर न लटकता फक्त हातापायांनी चढली, त्याआधी कोणालाच जमलं नव्हतं, म्हणजे अशी चूक कोणाकडून होते ते बघ. गाठ मारणाऱ्याशी बोलायचं नाही, फोटोसाठी हाक मारायची नाही, हा नियम तुमच्याकडे नसेल तर आजच करा. रॅपलला दोराचा मध्य शोधायचा, दोन्ही टोकांना गाठी, प्रुसिकचा (दोरावर आवळून बसणाऱ्या दोरीच्या फासाचा) बॅकअप, हे तू शिकवतोसच, फक्त अंधारात आणि घाईत ते गळतं म्हणून दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. आणि आपल्याकडचं आग्या मोहोळ विसरू नका, पायथ्यावरून कातळ नीट न्याहाळा, पोळं दिसलं तर तो रूट त्या दिवशी बंद, तिथे चर्चा नको. धूर नको, आरडाओरडा नको, डिओ मारून तर येऊच नका. मधमाश्या उठल्यावर दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

डिव्हाइस आणि घड्याळ खुशाल घे, चांगली वस्तू चांगलीच. फक्त एवढं बघ की नवीन वस्तू आली की आपण तिच्या जोरावर थोडं पुढे सरकतो, हेल्मेट आहे म्हणून घसाऱ्याखाली उभे राहतो, हेडटॉर्च भारी आहे म्हणून अंधार चालवून घेतो. घड्याळात दोन वाजलेले तुला डिसेंबरातपण दिसले होते.

अजून एक विचारते, त्या दिवसानंतर झोप नीट लागतेय का? ते लोंबतं टोक डोळ्यासमोर येत राहतंय का, कड्याचा नुसता विचार केला तरी छातीत धडधड होतेय का? असं असेल आणि काही आठवडे झाले तरी कमी होत नसेल तर नाशिकमध्येच एखाद्या कौन्सेलरकडे जा, यात कमीपणा नाही. आणि वजीरच्या दिवशी सकाळी मनच घेत नसेल तर पायथ्याला बसून राहा, ते चालतं, कोणाला उत्तर द्यायची गरज नाही.

आईला सांग. सगळे तपशील नकोत, दोराचं टोक वगैरे सांगून तिची झोप घालवण्यात अर्थ नाही. पण कुठे जातोय, बरोबर कोण आहे, पायथ्याचं गाव कुठलं, तिथल्या कोणाचा नंबर, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, हे कागदावर लिहून फ्रिजवर लाव. त्याखाली महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर लिही, राज्यभरातल्या रेस्क्यू टीम त्यांच्यामार्फत हलतात, आणि आईला हेही सांगून ठेव की ठरलेली वेळ उलटली तर "पोरगं रागावेल" म्हणून थांबू नकोस, सरळ फोन लाव. आणि वजीरहून आलास की मला लिही, माथा झाला किंवा नाही झाला तरी, किती वाजता फिरलात ते मला वाचायचंय.

— ताई